माऊली, सॅक जरा हलकी करा!

वारीला जायचं ठरलं आणि मी पहिली गोष्ट काय केली असेल? सरळ शॉपिंगला गेले. ५५ लिटरची सॅक, घोट्यापर्यंत येणारे दणकट ट्रेकिंग शूज, दोन जीन्स, पाच टी-शर्ट, स्लीपिंग बॅग, शिवाय ‘असू दे’ कॅटेगरीतल्या वीसेक वस्तू. राजमाची, हरिश्चंद्रगड झालेले असल्यामुळे चालण्यात आपला हात कोण धरणार, असा थोडा माजही होता. निघायच्या आदल्या रात्री सॅक वजनकाट्यावर ठेवली. साडेअकरा किलो! आई म्हणाली, ‘‘पंढरपूरला चालली आहेस की अमेरिकेला?’’

ही गोष्ट २०२४ च्या वारीची. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींची पालखी आळंदीहून निघते आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात पोचते. साधारण २५० किलोमीटर, जवळजवळ अडीच आठवडे. ट्रेक आणि वारी यातला फरक मला इथेच कळला. ट्रेक शनिवार-रविवारचा. रविवारी रात्री घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसता येतं. वारीत मात्र उद्या पुन्हा चालायचं असतं. परवाही. आणि तेसुद्धा डांबरावर, कधी उन्हात तर कधी धो धो पावसात.

दिवेघाटातली शाळा

पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यात मोठा टप्पा, तीसेक किलोमीटरचा. हडपसर येईपर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. शूज नवेकोरे होते ना! त्यात सकाळच्या पावसाचं पाणी आत शिरलेलं. दुपारी घाटाच्या पायथ्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्याच्या कडेला मटकन बसले. परत पुण्याला जावं, असं अगदी मनापासून वाटलं. पण पालखीसाठी वाहतूक बंद, जाणार कशी?

आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक मावशी होत्या. वय पासष्टच्या पुढे, पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. त्या शेजारी बसल्या. मला वाटलं, पायाचं विचारतील. त्यांनी विचारलं, ‘‘पाणी कधी प्यालीस?’’

मी गप्प. पहाटे चहा घेतला होता, त्यानंतर घोटभरसुद्धा नाही. का, तर पाणी प्यायलं की ‘जायला’ लागणार. आणि जायचं कुठे? फिरती शौचालयं असतात, पण ती मुख्यतः मुक्कामाच्या ठिकाणी. मधल्या रस्त्यावर मागेपुढे हजारो माणसं.

मावशींना सांगावं लागलंच नाही. त्यांनी पिशवीतून जुनं सुती लुगडं काढलं, आणखी दोघींना हाक मारली आणि झुडपाआड तिघींनी मिळून मला आडोसा केला. नंतर मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मग माझ्या सॅककडे बघत म्हणाल्या, ‘‘एवढं बोचकं घेतलंस आणि आडोशाला काहीच घेतलं नाहीस का गं?’’

साडेअकरा किलोत खरंच नव्हतं.

सासवडला पालखीचा दोन रात्री मुक्काम असतो. दुसऱ्या दिवशी भाऊ बाईकवरून आला आणि शूज, स्लीपिंग बॅग, जीन्स असं साडेसहा किलो सामान परत घेऊन गेला. त्याला मी फक्त एकच गोष्ट आणायला सांगितली होती, आईची जुनी कॉटनची साडी.

पाय सांभाळा, बाकी सगळं सांभाळलं जातं

शूजचा फंडा एकदम सिंपल. वारीसाठी नवे शूज घेऊच नका. घ्यायचेच तर दोन-तीन महिने आधी घ्या आणि रोज वापरा. रोज चालून पाय सुजतात, म्हणून बोटांपुढे थोडी जागा हवी. घोट्यापर्यंतचे जड बूट डोंगरात ठीक, डांबरावर नुसते तापतात. वापरून मऊ झालेले साधे रनिंग शूज आणि पावसासाठी फ्लोटर्स, एवढं पुरे.

मोजे तीन-चार जोड न्या. पूर्ण कॉटनचे ओले झाले की ओलेच राहतात, त्यापेक्षा स्पोर्ट्सचे सिंथेटिक बरे. ओली जोडी सॅकला बाहेरून पिना लावून वाळवायची. नखं दोन-तीन दिवस आधी कापा. बोटांना आणि टाचांना रोज सकाळी खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली. जागा हुळहुळायला लागली की लगेच टेप लावा, फोड येण्याची वाट बघू नका. आलाच तर फोडू नका, वाटेत मेडिकल कॅम्प असतात, तिथे दाखवा. डायबिटिस असेल तर अनवाणी चालायचा हट्ट नको, आणि रोज रात्री टॉर्च लावून तळपाय तपासायचेच.

कपडे: दोन अंगावर-दोरीवर, एक जादा

जीन्स म्हणजे वैर. भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि मांड्या घासून सोलवटतात. (मुलांनो, हसू नका. हे तुम्हालाही लागू आहे आणि खोबरेलचा उपायही.) सैल सलवार, मांडीपर्यंतचा कुर्ता, मोठी ओढणी, असे तीन सेट बस्स झाले.

मुलींसाठी खास. आंघोळ बहुतेक वेळा उघड्यावर, टँकरच्या पाण्याने आणि पहाटे अंधारात. तेव्हा एक जाडसर, गडद रंगाचा गाऊन हवाच. दमणुकीने पाळीची तारीख मागेपुढे होऊ शकते, त्यामुळे तारीख लांब असली तरी पॅड्स, जुने पेपर आणि कचऱ्याच्या पिशव्या जवळ ठेवा. कप वापरायचा असेल तर सवय घरीच करा, पहिला प्रयोग वारीत नको. आणि पाणी प्या. ओआरएसची पाकिटं खिशातच ठेवा.

पाठीवर काय, ट्रकमध्ये काय

दिंडीत नाव नोंदवलं की अंथरूण आणि मोठी पिशवी ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला जाते. म्हणजे पाठीवर १५-२० लिटरची छोटी सॅक पुरते. त्यात पाण्याची बाटली, औषधं, ओळखपत्र, सुट्टे पैसे, पॉवर बँक आणि कपड्यांचा एक कोरडा जोड, कारण ट्रक गर्दीत अडकून उशिरा येऊ शकतो. मोठ्या पिशवीला भडक रंगाची चिंधी बांधा. शंभर पिशव्यांत आपली शोधताना दुवा द्याल.

महागड्या पाँचोऐवजी प्लॅस्टिकचा मोठा कागद घ्या. पावसात डोक्यावरून सॅकसकट पांघरता येतो आणि रात्री ओल्या जमिनीवर अंथरता येतो. मावशींच्या पिशवीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू अशी दोन-तीन कामांची होती. लुगडं म्हणजे कपडा, पांघरूण आणि आडोसाही. माझी बहुतेक प्रत्येक वस्तू एकाच कामाची होती, आणि ते काम वारीत कधी निघालंच नाही.

लोणंदच्या अलीकडे माझ्या फ्लोटरचा पट्टा तुटला. वाटेत वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देणारे चर्मकार बसलेले असतात. एका काकांनी पाच मिनिटांत टाके घातले. पैसे द्यायला गेले तर हात जोडून म्हणाले, ‘‘माऊली, पंढरपूरला पोचा म्हणजे झालं.’’ १६ जुलैला पोचले. तोच पट्टा, तेच टाके.

ते ट्रेकिंग शूज अजून कपाटात आहेत. आता बऱ्यापैकी मऊ झालेत, पण वारीत पुन्हा नेणार नाही. तुम्ही पुढच्या आषाढीला जाणार असाल तर शूज आत्ताच घ्या आणि ऑफिसला रोज तेच घालून जा. आणि निघायच्या आदल्या दिवशी आईकडून एक जुनी कॉटनची साडी मागून घ्या. तुम्हाला नाही लागली, तर दिंडीतल्या दुसऱ्या कुणाला तरी नक्की लागेल.