फुकट शिक्षणाचे बारा लाख

ती. ताईस,


भावोजींचा प्रश्न पोचला. ‘जर्मनीत शिक्षण फुकट म्हणतात, मग हे बारा लाख कसले मागतात?’ प्रश्न रास्त आहे आणि मुलांना तिकडे धाडणाऱ्या बहुतेक घरांत तो कधी ना कधी निघतोच. अशी घरं काही थोडी नाहीत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, चिनी मुलांपेक्षाही जास्त.

फुकट आहे ती फक्त फी, आणि तीही सगळीकडे नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत सत्राला शंभर ते चारशे युरो भरले की भागतं. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्रामागे १,५०० युरो लावलेत. स्टुटगार्ट याच राज्यात येतं. मुंबईशी त्याचं १९६८ पासून भगिनी-शहराचं नातं आहे, म्हणून मुंबईच्या मुलांना सूट मिळते असं मात्र नाही. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांकडून फी घ्यायला सुरुवात केली. तेव्हा लेकीने यादी करताना आधी फी बघावी, मग रँकिंग.

बारा लाख आहेत ते राहण्या-खाण्याचे. वर्षभराचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून दाखवल्याशिवाय बहुतेकांचा व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभर रुपयांना धरला तर बारा लाखांना जेमतेम कमी. २०१९ च्या सुरुवातीला हीच रक्कम ८,६४० होती. तिथल्या गरजू विद्यार्थ्यांना सरकार जी मदत देतं तिच्याशी हा आकडा बांधलेला आहे, त्यामुळे ती वाढली की हाही वाढतो.

पण हे पैसे कुणाच्या घशात जात नाहीत. ते मुलीच्याच नावावर राहतात. तिथे पोचून तिने राहण्याचा पत्ता नोंदवला, साधं बँक खातं उघडलं, की दरमहा ९९२ युरो तिच्या हाती पडू लागतात. भाडं, विमा, किराणा, सगळं त्यातूनच.

‘एफडीची पावती दाखवली तर?’ हा भावोजींचा पुढचा प्रश्न असणार. ब्रिटनच्या विद्यार्थी-व्हिसाला ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसावी लागते. म्हणून आपल्याकडे काका-मामांकडून महिनाभरापुरते पैसे ‘दाखवायला’ आणायची पद्धत पडली. जर्मनीसाठी ते चालत नाही. पैसे खरोखरच हलवावे लागतात आणि काकांना महिन्याभरात परत करता येत नाहीत. शिष्यवृत्ती असली किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणी रीतसर हमी घेतली तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे दोन्ही नाही, तेव्हा शैक्षणिक कर्ज.

कर्ज काढून जर्मनीला जाणं महाराष्ट्राला नवं नाही. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या तेव्हा सासरे महर्षी कर्वे यांचा विरोध होता, आणि खर्च निभावला तो जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर. पती दिनकरपंत स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. ते पाठीशी उभे राहिले.

‘तिथे पार्टटाइम करून भागवेल’ या भरवशावर मात्र राहू नका. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, म्हणजे मुभा चांगली आहे. पण ती कमाई नंतरची. व्हिसाच्या वेळी तिचा उपयोग शून्य.

पैशांपेक्षा जास्त जीव खातात ती कागदपत्रं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. दिल्लीतलं हे कार्यालय गुणपत्रिका आणि पदव्या खऱ्या आहेत का ते तपासतं. चीनमध्ये ही व्यवस्था २००१ पासूनच आहे. आता आपल्या गुणपत्रिका डोळ्यांसमोर आण. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, पुष्कळदा शेवटी आईचंही. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, नाव आणि वडिलांचं नाव दुसऱ्यात. त्यात वडिलांच्या नावातला ‘श्री’ दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘आय’ने आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर डबल ‘ई’ने लिहिलेला. आपल्याला यात काहीच खटकत नाही. तपासणाऱ्याला मात्र ही एकच मुलगी आहे हे कागदावरूनच कळायला हवं. तेव्हा विद्यापीठाचा अर्ज, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंट, विमा, सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तस्संच.

पूर्वी व्हिसा नाकारला गेला तर त्याच कार्यालयाकडे फेरविचारासाठी पत्र लिहिता यायचं. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एक तर नव्याने अर्ज, नाही तर बर्लिनच्या कोर्टात दाद. म्हणून कोपऱ्यावरच्या एजंटाकडून मोटिव्हेशन लेटर लिहून घेऊ नका. तो दहा मुलांना एकच मजकूर देतो. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, आधी शिकलेल्याशी त्याचा संबंध काय, हे तिच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. इंग्रजी थोडं कच्चं असलं तरी चालेल.

आता कामाचं. येत्या रविवारी लेकीने दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट टेबलावर मांडून नावं अक्षर-अक्षर ताडून बघावीत आणि फरक निघाला तर दुरुस्तीला लगेच टाकावं. भावोजींनी बँकेत दोनच गोष्टी विचाराव्यात: कर्जाची रक्कम थेट ब्लॉक्ड अकाउंटला पाठवतात का, आणि मंजुरीनंतर किती दिवसांत. प्रवेशाचं पत्र जुलै-ऑगस्टपर्यंत लांबलं आणि सत्र ऑक्टोबरला सुरू झालं, तर मधल्या दिवसांत नेमके मॅनेजर रजेवर असतात. बँक काय म्हणते ते कळव, मग तारखा लावू.

तुझा,
भाऊ