कच्चे काम

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरून पोलादपुरावरून महाडला येते. काही वर्षांपूर्वी त्याच वाटेने एस.टी.ने महाडच्या शाळेत येणारी नववीतली एक मुलगी, शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस आमच्या घरी अभ्यासाला बसत असे. 'गणित आणि इंग्रजी कच्चं आहे,' एवढेच तिच्या आईने सांगितले होते. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. गणिताशी आमचा संबंध दहावीनंतर सुटला. पण बाजारपेठेतल्या शिकवण्यांची फी त्या घराला झेपणारी नव्हती, आणि नाही म्हणणे आम्हाला झेपले नाही.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली. जून २००० पासून ती राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून आली. ही मुलगी तर सेमी-इंग्रजीतली, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. पहिल्याच आठवड्यात तिने समांतर रेषांचे प्रमेय इंग्रजीतून घडाघडा म्हणून दाखवले. 'पॅरलल'चे स्पेलिंगही अचूक लिहिले. मात्र अर्थ विचारताच ती गप्प झाली. आम्ही 'समांतर' हा शब्द कागदावर लिहिला आणि मधोमध तोडून दाखवला : सम, अंतर. वीर स्थानकावरचे रूळ आठवायला सांगितले. ती बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ''मग ही तिरकी रेघ दोघींनाही सारखीच कापणार ना?'' अवघे प्रमेय त्या प्रश्नात होते. तिचे गणित कच्चे नव्हतेच. दोन भाषांमधला सांधा तेवढा निखळला होता.

या शोधाने आमच्यातला मराठीचा अभिमानी सुखावला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो अभिमान फार काळ टिकला नाही. तिच्याबरोबर कधीमधी येणारा तिचा धाकटा भाऊ 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहीत असे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असे संख्यावाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! अंकांत दशक आधी लिहायचे आणि शब्दांत एकक आधी म्हणायचे, यात मूल गोंधळते, हे मंगला नारळीकर तेव्हा परोपरीने सांगत होत्या. आम्ही मात्र स्टाफरूममध्ये त्या 'साठ तीन'ची टर उडवली होती. एकेकट्या मुलाजवळ बसल्यावरच या गोष्टी कळतात. साठ मुलांच्या वर्गात चुकलेले उत्तर ऐकू येते; मूल कोणत्या शब्दावर अडखळले, ते ऐकू येत नाही.

शिकवणी ही आजच्या काळाची विकृती, असे आपण सहज बोलून जातो. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे मुंबईत शिकवण्या करून शिकले, १८८४ साली गणित घेऊन बी.ए. झाले आणि १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. तेव्हा गरीब विद्यार्थी शिकवणी देऊन पुढे जाई. आता शिकवणी घेता येत नाही म्हणून तो मागे राहतो. पाणी सर्वांसाठी खुले असणे म्हणजे काय, हे २० मार्च १९२७ या दिवसाने ज्या गावाला शिकवले, त्याच गावात समजावून सांगणारे माणूस मात्र ऐपतीप्रमाणे मिळावे, हे चवदार तळ्यावरून घरी येताना आम्हाला बोचते.

वर्ष संपता संपता त्या मुलीने विचारले, ''मॅडम, समजतं मराठीतून, लिहायचं इंग्रजीतून. मग मराठीतलं पेपरात कुठे लिहायचं?''

मातृभाषेतून शिक्षण या विषयावर आम्ही दोघांनी मिळून किती व्याख्याने दिली असतील, याची गणती नाही. स्वतःच्या मुलीच्या प्रवेशअर्जावर 'सेमी-इंग्रजी'समोर खूणही आम्हीच केली आहे. उत्तर सुचेना. शेवटी म्हणालो, ''कच्च्या कामाच्या जागेत लिही, बाळ.''

तिने तसेच केले. गणितात ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. कच्च्या कामाला गुण नसतात.