टाचेतला सराटा

उन्हाळ्यात आमच्या माळावर अनवाणी चाललं की टाचेत सराटा रुततोच. आजी सुईनं काटा काढायची आणि म्हणायची, "बहात्तरच्या दुष्काळात रानात काही नव्हतं बघ. सराटे तेवढे होते."

पुढं कधीतरी गॅलापागोस बेटांविषयी वाचताना ती सुई आठवली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून डॅफ्नी मेजर नावाच्या चिमुकल्या बेटावर फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. १९७७ साली तिथं पाऊस पडला नाही. बारीक, मऊ बी पक्ष्यांनी टिपून संपवलं. मागं राहिलं ते टणक, काटेरी. ते चक्क आपल्या सराट्याच्या भावकीतलं! वाचता वाचता माझी टाच ठणकली.

जाड चोचीच्या पक्ष्यांना ते फोडता आलं. बाकीचे गेले, शंभरातले सुमारे ८५. वाचलेल्यांची चोच आधीच्या सरासरीपेक्षा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरनं जास्त जाड होती. उपाशीपोटी कुणाचीच चोच वाढली नव्हती. जाड चोचीचे उरले आणि त्यांची पिल्लं त्यांच्यासारखी निघाली, एवढंच. १९८३ ला तिथं धो धो पाऊस झाला, बारीक बी मुबलक झालं आणि पारडं लहान चोचींकडं झुकलं.

दुष्काळ निवडतो, पण निवडायला आधी पुष्कळ असावे लागतात, नाना तऱ्हेचे असावे लागतात. म्हणून मला मोजक्याच उरलेल्या माळढोक पक्ष्याबद्दल धास्ती वाटते. आमच्या शिवेपलीकडं, सोलापूरच्या नान्नजला, त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. वाळल्या गवताच्या रंगाचा हा पक्षी अवर्षणाला कधीच भ्याला नाही. पण माळ नांगरले गेले, वर विजेच्या तारा आल्या. याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. उडताना समोरची तार वेळेवर दिसत नाही. तार चुकवणारे थोडे तरले असते, त्यांचा वंश वाढला असता. पण मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. इतक्या थोड्या पक्ष्यांतून निवड व्हायची कशी?

वडिलांनी लहानपणी माळढोक पाहिला होता. परवा त्याच माळावर मी त्यांना विचारलं, "केवढा होता हो?"

ते बोलले नाहीत. कमरेच्या उंचीवर, गवताच्या वर, त्यांनी हात आडवा धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.