फ्लॅश

बोरिवलीत राहणाऱ्याकडे पाहुणा आला की त्याला कान्हेरीला न्यायचं, हा आमच्याकडचा अलिखित नियम. शंभराहून जास्त लेणी, आणि आपण बघतो चार-पाच.

गेल्या मे महिन्यात मामेभाऊ आला होता. मोठ्या चैत्यगृहात गर्दी होती म्हणून वरच्या अंगाच्या एका लहान, काळोख्या लेण्यात शिरलो. शिरताक्षणी तो उग्र वास. "दादा, वर काहीतरी हलतंय," तो म्हणाला. मी मोबाईल वर केला आणि फ्लॅश मारला.

ती उलटी लटकलेली नव्हती. पालीसारखी पोट टेकवून दगडाला चिकटलेली, बाजूबाजूला सरकणारी. नंतर वाचलं, ही बहुधा काळ्या दाढीची टूम बॅट. इजिप्तच्या थडग्यांत हिची भावंडं सापडली, म्हणून थडग्याचं नाव. दाढी फक्त नराला. खाणं किडे. कान्हेरीला ती फार पूर्वीपासून राहते. दिवसा काळोख आणि थंड दगड, रात्री बाहेर 100 चौरस किलोमीटरहून मोठं जंगल. याच साष्टी बेटावरच्या जोगेश्वरी आणि महाकालीच्या लेण्यांना मात्र चारी बाजूंनी वस्तीने वेढलंय.

फ्लॅशनंतर सगळी एकदम उडाली. आम्ही खाली बसलो, हसलो पण. मग भावाने जमिनीकडे बोट दाखवलं. अंगठ्याएवढं काहीतरी, पंख धड न उघडणारं, धुळीत सरपटत होतं. मादी वर्षाला एकच पिल्लू देते आणि ते तिच्या अंगालाच चिकटून असतं, हेही नंतर वाचलेलं.

हात लावायचा की नाही, कळेना. रेबीजच्या भीतीने लावला नाही, खरं सांगायचं तर. वहीच्या पुठ्ठ्यावर घेऊन भिंतीच्या खोबणीत ठेवलं आणि बाहेर पायऱ्यांवर बसून राहिलो. कायद्याचं काय, म्हणून भावाने तिथेच शोधलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्या यादीत वटवाघळांच्या दोनच जाती होत्या, त्यातली एक बेळगावकडच्या बारापेडे गुहेतली. ही नव्हती.

लेणी बंद व्हायची वेळ झाली. रखवालदाराने शिट्टी मारली. परत आत जाऊन बघायला मिळालं नाही.

तो फोटो चांगला आलाय. भावाने दोनदा मागितला. अजून पाठवलेला नाही.