तोंडात डोकावणारं कुणी आहे का?

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्या दिवशी गालावर पदर बांधून आल्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, ‘‘ताई, दाढ लई ठणकायलीय. रातभर डोळ्याला डोळा नाही.’’ दाढेखाली लवंग धरलेली, त्यामुळे शब्दही अर्धवटच फुटत होते.

मावशी बीदर जिल्ह्यातल्या, भालकी तालुक्याच्या. कर्नाटकातल्या असल्या तरी घरात मराठी बोलणाऱ्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी बेंगळुरूच्या बेळ्ळंदूरमध्ये राहायला आले, तेव्हा कानडीच्या धास्तीने माझा जीव अर्धा झाला होता. पहिल्याच आठवड्यात मावशी भेटल्या आणि माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. तेव्हापासून दोन वर्षे रोज सकाळी ओट्याशी उभ्या राहून आम्ही जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत आलो. सुनेच्या तक्रारींपासून ते २०१७ मध्ये आग लागलेल्या इथल्या प्रसिद्ध तळ्यापर्यंत. त्यांच्या तोंडात काय चालले आहे, हा विषय मात्र कधी निघाला नाही.

‘‘मग दाखवत का नाही कुणाला?’’ मी जरा रागानेच विचारले.

आमच्या सोसायटीच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत दातांच्या दवाखान्यांच्या सात पाट्या आहेत. मी नंतर मुद्दाम मोजल्या. प्रत्येक पाटीवर पांढऱ्याशुभ्र दातांची एक हसरी तरुणी. मावशी रोज दोनदा त्या सातही तरुणींच्या खालून चालत जातात.

‘‘कधी जाऊ, ताई?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘ते उघडतेत दहाला. तवा मी तिसऱ्या घरी असते. एक दिवस खाडा केला की पैसे कटतेत. आणि वरची दाढ काढली की नजर जाती म्हंतेत.’’

नजर जाण्याचे म्हणणे मी लगेच खोडून काढले. दृष्टीची नस वेगळी, दाताची वेगळी. दात काढल्याने कुणी आंधळे होत नाही. पण खाड्याच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पाच घरांपैकी एक घर माझेच होते.

रविवारी मी त्यांना त्या सातांपैकी एका दवाखान्यात घेऊन गेले. मावशी खुर्चीत बसायला तयार होईनात. ‘‘पांढरी हाय, मळंल,’’ म्हणाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्वभावाने चांगल्या. त्यांनी कानडीत दोन गोष्टी बोलून मावशींना हसवले, दाढ पाहिली आणि सांगितले की आता ती वाचणार नाही, काढावीच लागेल. वर्षभरापूर्वी आल्या असत्या तर साध्या भरणावर भागले असते. एवढे मला अपेक्षितच होते.

मग त्यांनी मावशींचा खालचा ओठ बोटाने बाहेर ओढला आणि त्या थांबल्या. दिवा जवळ घेतला. हिरडी आणि ओठ यांच्यामधल्या खाचेत एक पांढरा चट्टा होता, साधारण करंगळीच्या नखाएवढा.

‘‘मिश्री लावता?’’

मावशींनी मान हलवली. लग्न झाल्यापासून लावत होत्या. सकाळी, दुपारी आणि झोपताना.

मिश्री म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. माझी आजी कराडला असायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि पत्र्याच्या डबीत भरून खिडकीत ठेवायची. तो खमंग वास अजून माझ्या नाकात आहे. आम्हा मुलांना वाटायचे की ते दंतमंजनच आहे, आणि आजीलाही तसेच वाटायचे. दात घासायचे निमित्त, पण डबी हरवली की तिचे डोके दुखायला लागायचे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील दर शंभर भारतीयांमागे जवळपास २९ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले, आणि ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे-चघळणारे जास्त होते. बायकांची मिश्री त्यातच येते. तिला व्यसन म्हणायची मात्र कुणाची जीभ रेटत नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, आम्ही दोन बस बदलून फोर्टजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात गेलो. तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता. पण चट्टा तसा साधाही नव्हता. मिश्री बंद करायची आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचे, असे सांगण्यात आले. अहवाल येईपर्यंतचे दहा दिवस मी मावशींच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. मी पत्रकारितेची पदविका घेतलेली, आरोग्यावर लेख लिहिणारी बाई. दोन वर्षे त्यांचे काळे झालेले दात रोज समोर दिसत होते आणि मी त्यांना भांडी नीट विसळत जा, एवढेच सांगत होते.

एक गोष्ट मात्र मनातून जाईना. तो चट्टा शोधायला यंत्र लागले नव्हते. एक दिवा, एक हातमोजा आणि काय पाहायचे ते शिकलेले एक माणूस, इतकेच लागले. मग हे माणूस मावशींच्या वस्तीत का जाऊ शकत नाही?

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून असा एक मोठा प्रयोग झाला आहे. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे उघडून पाहिली. संशयास्पद काही दिसले की डॉक्टरांकडे पाठवायचे. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले. नुसते डोकावून पाहिल्याने!

पुढच्या आठवड्यात मी स्वतःचे दात साफ करून घ्यायला त्याच दवाखान्यात गेले. पाच वर्षे शिकून पदवी मिळवलेल्या डॉक्टरीणबाई पाऊण तास माझ्या दातांवरचा दगडासारखा झालेला थर खरवडत बसल्या. (दात साफ केले की सैल होतात, हाही एक गैरसमज. सैल ते आधीच झालेले असतात. थराने त्यांना धरून ठेवलेले असते, तो निघाला की कळते, इतकेच.) मी विचारले, ‘‘हे काम तुम्हालाच करावं लागतं का?’’

‘‘यासाठी हायजिनिस्ट असतात,’’ त्या हसून म्हणाल्या, ‘‘पण इथे मीच पगारावर आहे. आणखी एक माणूस कोण ठेवणार?’’

घरी येऊन मी शोधायला बसले आणि थक्क झाले. ही व्यक्ती आपल्या कायद्यात १९४८ पासून आहे! त्या वर्षीच्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल हायजिनिस्टची व्याख्या केली: जी दंतवैद्य नाही, पण दातांवरचा थर काढते, दात स्वच्छ करते, चकचकीत करते किंवा दातांची निगा कशी राखावी हे शिकवते. तिच्यासाठी वेगळी नोंदवही, बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम. आपल्याकडच्या सरकारी भरतीत तिला ‘दंत आरोग्यक’ म्हणतात. तुमच्या ओळखीत एक तरी दंत आरोग्यक आहे का? माझ्या नव्हती. जी कुणी असेल ती दंतवैद्याच्या हाताखाली, त्याच खुर्चीशेजारी उभी. म्हणजे मावशी जिथे जाऊ शकत नाहीत, नेमकी तिथेच.

गंमत म्हणजे हा पेशा जन्मला तोच खुर्चीपासून दूर जायला. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावात अल्फ्रेड फोन्स नावाच्या दंतवैद्याने १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करायला शिकवले. १९१३ मध्ये त्याने अशा बायकांसाठी वर्गच काढला, आणि त्या शिकून थेट शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात साफ करू लागल्या. न्यूझीलंड त्याच्याही पुढे गेले. पहिल्या महायुद्धात भरती झालेल्या जवानांचे दात इतके वाईट निघाले की १९२१ मध्ये तिथे तरुण मुलींना शाळेतल्या मुलांचे दात भरायला आणि काढायलाही शिकवायला सुरुवात झाली. मुलांनी त्या शाळेतल्या दवाखान्यांना ‘खुनाचे घर’ असे नाव ठेवले होते, हेही सांगायला हवे. ब्रिटनमध्ये मे २०१३ पासून दंतवैद्याच्या चिठ्ठीशिवाय थेट हायजिनिस्टकडे जाता येते.

आपल्याकडे असे काही म्हटले की दंतवैद्य बिथरतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, दरवर्षी हजारो मुले बाहेर पडतात आणि शहरांत त्यांनाच काम मिळत नाही. मग आणखी कुणी कशाला? शिवाय फुटपाथवर दात बसवणाऱ्यांचा अनुभव आहेच. उद्या कुणी हायजिनिस्ट नळ्या-सुया घेऊन दाढा काढत बसली तर?

तसे होऊ देऊ नये. दाढ काढायची, नस भरायची ती दंतवैद्यानेच. पण लाखो रुपये फी भरून, कर्ज काढून खुर्ची घेतलेला माणूस बांधकामावरच्या निळ्या ताडपत्रीत जाऊन बसणार नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. तिथे जायला दंत आरोग्यकच हवी. तिने अंगणवाडीतल्या पोरांच्या दातांना फ्लोराइडचा लेप लावावा, त्याला काही मिनिटे पुरतात. बायकांच्या हिरड्या पाहाव्यात, थर काढावा, मिश्री सोडायला पाठीशी लागावे, आणि चट्टा दिसला की चिठ्ठी द्यावी. त्या चिठ्ठ्या घेऊन लोक शेवटी दंतवैद्याकडेच जाणार आहेत, आणि तेही दाढ वाचण्यासारखी असताना. मला तर वाटते, त्या सात पाट्यांखाली गर्दीच वाढेल.

सरकारने २०१८ पासून आरोग्य केंद्रांच्या कामांत तोंडाच्या आरोग्याचा समावेश केला आहे. कागदावर छान दिसते. पण तोंड उघडून पाहायचे कामही बहुतेक आशाताई आणि नर्सबाईंच्याच माथी, ज्यांच्याकडे बाळंतपणापासून लसीपर्यंत सगळे आधीच आहे. २०२३ मध्ये संसदेने १९४८ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. निदान आता नियम लिहिताना तरी कुणीतरी या दंत आरोग्यकेला खुर्चीपासून सोडवावे.

मावशींनी मिश्री सोडली म्हणतात. पूर्ण सोडली असेल असे मला वाटत नाही. पिशवीत डबी असावी, कारण पिशवी माझ्यासमोर उघडत नाहीत. तीन महिन्यांच्या तपासणीला मात्र आम्ही दोघी गेलो. चट्टा वाढलेला नाही. त्या दिवसाचे पैसे मी कापले नाहीत. इतर चार घरांचे मला माहीत नाही.

गेल्या मंगळवारी बेल वाजली. दारात मावशी आणि त्यांच्यामागे पदराआड तोंड लपवलेली एक बाई.

‘‘ही आमच्या शेजारची. रायचूरची हाय,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘हिच्या गालात आतून काय तर खरखर लागतंय म्हंती. ताई, तुम्हाला कळतंय, जरा बघा की.’’

‘‘मावशी, मला नाही कळत. मी डॉक्टर नाही.’’

‘‘नुसतं बघा तरी.’’

बाईने तोंड उघडले. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि वाकून पाहू लागले. गालाच्या आत काहीतरी फिकट दिसत होते. तो चट्टा होता की टॉर्चचा उजेड, ते मला सांगता येईना.