मानोऱ्याची वाट

२०२४ची दिवाळी नुकतीच सरली होती. कारंज्याच्या काष्ठासंघ मंदिरात दर्शन घेऊन सकाळीच मानोऱ्याकडे निघालो. कारंजा ही आपल्या समाजाची जुनी, संपन्न नगरी. भट्टारकांच्या गाद्या, हस्तलिखितांची भांडारे, कापसाच्या पेढ्या. मानोराही त्याच वाशिम जिल्ह्यात, परंतु तेथवर त्या वैभवाची झळाळी पोहोचत नाही.

देशाच्या उत्पन्नात सुमारे तेरा टक्के भर घालणाऱ्या महाराष्ट्रातून नीती आयोगाने २०१८ मध्ये जे चार जिल्हे विकासात मागे पडलेले म्हणून निवडले, त्यांत वाशिम आहे. वृत्तपत्रात वाचलेली ती गोष्ट पोहरादेवीजवळच्या एका तांड्यात दारांवरच्या कुलपांतून दिसली. माणसे ऊसतोडीला, बांधकामांवर गेलेली. ओट्यावरच्या आजीबाईंनी पाणी दिले आणि म्हणाल्या, "होळीले या, तवा तांडा भरला राह्यते."

याच बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून एके काळी मीठ आणि धान्य वऱ्हाडात येई. आपल्या पूर्वजांचा व्यापार त्या लदेणीवर उभा होता. पुढे आगगाडी आली. पेढ्यांनी नवी वाट धरली, लमाणांचा धंदा मात्र बसला. आपल्या घराण्यांच्या इतिहासांत लदेणीचा उल्लेख क्वचितच सापडतो, हे त्या ओट्यावर बसल्यावर प्रथम जाणवले.

मानोऱ्याच्या बाजारात सोयाबीन उतरत होते. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये; खुल्या बाजारात चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के केली होती, तरी तेथे नोंदणी करा, माल न्या, पैशांची वाट पाहा, हे सर्वांना परवडणारे नव्हते. एका शेतकऱ्यावर खताची उधारी होती आणि हरभऱ्याचे बियाणे आठवड्याच्या आत घ्यायचे होते. म्हणून तो आजच विकणार होता. आमच्या घरी असा हंगामाचा धाक कधी नव्हता. थांबल्याने भाव चढतोच असे नाही, तोटाही सोसला आहे; पण थांबून पाहण्याची ऐपत होती. दोन राहणीमानांतील अंतर मला त्या दिवशी रुपयांत नव्हे, महिन्यांत मोजता आले.

"शेटजी, तुमी तुमचा माल कवा इकता?" त्याने सहज विचारले.

आमच्या गोदामात मागच्या हंगामाची पोती अजून होती. "भाव पाहून," मी म्हणालो.

तो हसला आणि पोत्याचे तोंड सोडू लागला.