तमाशा : एका शब्दाची पायपीट



बुऱ्हाणपुरात वाढणाऱ्या मराठी मुलाला 'तमाशा' हा शब्द आधी हिंदीत भेटतो. दुकानात हट्ट धरला की कोणीतरी दटावते, "तमाशा मत करो!" मग सुट्टीत रावेरकडे मामाच्या गावी जावे, तर तिथे जत्रेत तंबू ठोकलेला आणि लोक तिकीट काढून तमाशा बघायला चाललेले. जे केले की मार बसतो, तेच बघायला मामा कसा जातो, हे मला लहानपणी कळत नसे. (आम्हा मुलांना अर्थात घरीच झोपवून जायचे.)

या शब्दाच्या मुळाशी अरबी धातू आहे, त्याचा अर्थ चालणे. फारसीत तमाशा म्हणजे फेरफटका, आणि मग फिरता फिरता जे दिसेल ते पाहणे. इराणात आजही टीव्ही पाहण्याला 'तमाशा कर्दन', म्हणजे शब्दशः तमाशा करणे, असे म्हणतात. तिथे बघणारा तमाशा करतो! उर्दूतले तमाशाई आणि तमाशबीन हेही प्रेक्षकच. मराठीत मात्र तमासगीर म्हणजे फडावरचा कलावंत. शब्द प्रेक्षकांतून उठला आणि थेट बोर्डावर जाऊन उभा राहिला.

आपल्या गावाला फारसी परकी नव्हती. फारुकी सुलतानांची ही राजधानी. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि मोगलांचा खानदेश सुभा इथून चालू लागला. फारसी ही दरबाराची भाषा. मराठीतला पडदा फारसीच आणि शाहीर म्हणजे अरबीतला शाइर.

पण शब्द बाहेरचा असला तरी त्यात भरलेला ऐवज आपला आहे. आधी गणपतीचा गण, मग गवळण. तिच्यात पेंद्या आणि ती पुरुषाने रंगवलेली मावशी! पुढे बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. ढोलकी-हलगीची जुगलबंदी, तुणतुण्याचा सूर आणि मागून झीलकऱ्यांची 'जी जी'. कुलकर्णी घराण्यातले पठ्ठे बापूराव (निधन १९४५) यासाठी घरदार सोडून फडात गेले. विठाबाई नारायणगावकर (निधन २००२) यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

तरीही शब्दाची लाज काही जात नाही. नाटकवाल्यांनी 'लोकनाट्य' शब्द जवळ केला. १९६५ चे 'विच्छा माझी पुरी करा' तमाशाच्याच बाजाचे, पण ओळख लोकनाट्य म्हणून. फडवाल्यांनी मात्र 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असे दोन्ही शब्द फलकावर ठेवले. मला त्यांचेच पटते.

हे सांगायचे कारण, मागच्या स्नेहसंमेलनात मुलांनी गण, गवळण आणि स्वतः रचलेला छोटा वग केला होता. पत्रिकेत आधी 'बालतमाशा' लिहिले होते. हिंदी शेजारी काय म्हणतील, असे एका पालकांना वाटले आणि छापताना त्याचे 'सांस्कृतिक कार्यक्रम' झाले. पेंद्या झालेल्या मुलाने मला विचारले, "सर, आपण तमाशा केला की नाही केला?"

यंदा पत्रिकेत खरा शब्द छापावा, अशी विनंती मी समितीकडे केली आहे. शेजाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवू. कोणाकडे ढोलकी असल्यास मात्र जरूर कळवावे. मागच्या वेळी तबल्यावर भागवले, आणि तबल्यावर गण काही रंगत नाही.